जरी, परी आणि आजी

आईला पक्षाघाताचा झटका आला, तेव्हा निपाणीचं घर बंद करून मी तिला बेंगळुरूला, राजाजीनगरच्या आमच्या घरी घेऊन आले. हात हळूहळू हलायला लागला. बोलणं मात्र अडलं. मनात एक शब्द असायचा आणि जिभेवर भलताच यायचा. चहा हवा असला की चादर मागायची. बायकांची पोलकी शिवता शिवता जन्मभर गोष्टी सांगत आलेली बाई ती. आपलं चुकतंय हे तिला कळायचं, म्हणून तिनं बोलणंच सोडलं. खालच्या अक्का जिन्यात थांबून ‘ऊटा आयता, अम्मा?’ म्हणून जेवणाचं विचारायच्या, तरी ही नुसती मान हलवायची.

माझी लेक तेव्हा सात वर्षांची होती. ती कथक शिकायची, आणि क्लासच्या कार्यक्रमात तिला परी व्हायचं होतं. मी तयार झगा आणणार होते. पण आईनं आपली जुनी जांभळी जरीची साडी काढून माझ्यापुढे ठेवली. कात्री चालवायची मी, आणि कुठे कापायचं ते बोटानं दाखवायची ती.

लेक आमच्या मध्ये येऊन बसली. ‘आजी, परी काय करते गं?’

आई बराच वेळ शब्द शोधत राहिली. मग म्हणाली, ‘जरी... उडते.’

‘जरी उडते, तरी पडते!’ लेक खदखदून हसली.

आईचा चेहरा उतरला. मी लेकीवर ओरडले, ‘आजीला हसतात का असं?’

‘मी आजीला नाही हसले. जरीला हसले.’ तिचे डोळे भरून आले.

आईनं तिला जवळ ओढलं. माझ्याकडे बघत, एकेक अक्षर उचलावं तशी म्हणाली, ‘हसू... दे.’ आणि स्वतःच हसली. वाकड्या ओठांनी, पण खरंखुरं. आमच्या घरी आल्यापासून पहिल्यांदाच.

त्यानंतर दोघींचा तो उद्योगच झाला. कमरेला चुण्या घाल म्हणायचं होतं, तर आई म्हणाली, ‘चुली घाल.’ लेक लगेच उठून गिरक्या घेत पोळ्या लाटायला लागली. म्हणे, ही परी नाचता नाचता स्वयंपाक करते. गोष्टीतल्या चेटकिणीची ‘चेन’ झाली, तेव्हा लेकीनं शोध लावला, की प्रत्येक फ्रॉकच्या पाठीवर एक चेनकीण बसलेली असते आणि घाईच्या वेळी मुद्दाम अडकते. आई हसून हसून डोळे पुसायची आणि पुढचा शब्द बोलायला धजायची. हे शब्द हसण्यावारी गेले तरी चालतं, हे तिला बहुधा तेव्हा उमगलं.

कार्यक्रमाला आई आली. लेक एका गिरकीत चुकली, उलटी फिरली, पण सावरून नाचली. परतताना रिक्षात आई तिला म्हणाली, ‘छान.’ नेमका तोच शब्द. मी आईचा हात धरला.

पुढे आईचं बोलणं सुधारत गेलं. अक्कांना ती ‘स्वल्प, स्वल्प’ म्हणून थोडंसं बरं वाटत असल्याचं सांगू लागली. मला केवढा आनंद! लेक मात्र खट्टू. ‘आजी आता चुकतच नाही,’ म्हणून तिनं माझ्याकडे तक्रार केली.

एका रविवारी मी कपड्यांना इस्त्री करत होते. लेक नुकतीच क्लासमध्ये कथकचा एक नवा तोडा शिकून आली होती. आईनं तिला मांडीशी घेतलं आणि कुठेही न अडखळता गोष्ट सुरू केली.

‘राजानं पाहिलं, फाटकाला कुलूप. तो ओरडला, तोडा! राजकन्येला वाटलं, बाबा दागिना मागतात. तिनं पायातला काढून दिला. आणि नाचाचे गुरुजी?’

‘नाचायलाच लागले!’ लेक किंचाळली आणि तिनं तिथेच पाय आपटले.

‘आणि कुलूप?’ मी विचारलं.

‘कुलूप तसंच,’ आई म्हणाली. ‘सगळे बघत बसले ना नाच.’