सासऱ्याच्या हातातला डॉक्टर

९ सप्टेंबर. मी लसीच्या फ्रीजचं तापमान वहीत लिहीत होते. तेवढ्यात एक सासरा सुनेला मोटारसायकलवर घेऊन आमच्या उपकेंद्रात आला. बाळंत होऊन पाच दिवस झालेले, चक्कर येत होती. नवरा पुण्याला कामाला आणि सासू घरी बाळापाशी, म्हणून हे दोघंच.

तिला खाटेवर झोपवून चादर घातली. बीपी कमी लागला. डॉक्टरांना व्हिडिओवर दाखवायचं, तर माझा मोबाइल साधा, नुसतं बोलण्यापुरता, आणि आमच्या टॅबला रेंज नाही. सासऱ्याच्या मोबाइलला होती, तीही खिडकीपाशी, हात उंच धरला तरच.

"मामा, झेंड्यासारखा धरा."

"झेंडा वर्षातून दोनदा असतो सिस्टर, तुमचं हे रोजचंच दिसून राह्यलं."

सूनसुद्धा पदराआड हसली. तिचं ते हसणं मी एकदाच पाहिलं.

डॉक्टरांनी मोबाइलमधून विचारलं, "अंगावरून किती जातंय?"

तिनं मोबाइल धरलेल्या हाताकडे पाहिलं आणि मान खाली घातली. "थोडंसं. नेहमीचंच."

आमच्याकडे सून सासऱ्यासमोर पाणी मागतानाही आवाज खाली घेते. हे मला माहीत होतं. माझे हात तपासणीत अडकलेले; त्याला बाहेर पाठवलं असतं तर डॉक्टरही बाहेर गेले असते, म्हणून मी गप्प बसले. चादर उचलून स्वतः बघायला हवं होतं, तेही केलं नाही. कागदावर "थोडं" लिहिलं. डॉक्टर म्हणाले, सलाईन लावा, तासाभरानं परत फोन करा.

अर्ध्या तासानं सासरा चहाला गेला. तिनं माझं मनगट धरलं.

"ताई, सकाळपासून तीन लुगडी भिजली."

मी चादर उचलली. गादीही भिजलेली होती. डॉक्टरांनी फोनवर सांगितलं ते इंजेक्शन दिलं, अँब्युलन्स बोलावली, सोबत मीच बसले. जालना यायच्या आत ती गेली.

तिथल्या दवाखान्याच्या पायरीवर, मागून मोटारसायकलवर आलेला सासरा माझ्याजवळ आला. "डॉक्टरला बराबर दिसलं ना सिस्टर? माझा हात तर हलला न्हाई."

"बिलकुल नाही हलला, मामा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लवकर गेले. खिडकीच्या चौकटीवर खिळा ठोकला आणि मोबाइल बसेल असा तारेचा आकडा त्याला अडकवला. घरून आणलेली चादर दाराला पडदा म्हणून लावली. मग बाहेर बसलेल्या पहिल्या बाईला एकटीला आत बोलावलं.