शून्याचा एक करणारी वहिनी

आमच्या वस्तीचं नेट आम्हीच चालवतो. त्यावर इंटरनेट कंपनीवाले हसले होते, तेव्हा त्यांच्या ऑफिसात जाऊन मी भांडून आले. पण भांडून नेट चालत नाही. ते चालवते वहिनी. अख्ख्या वस्तीची ती वहिनीच. वीस वर्षं तिने पंपांच्या जळक्या मोटारी रिवाइंड केल्या, म्हणजे नवी वायर गुंडाळून वर वार्निश चढवलं. बोटांवर त्याचे डाग अजून आहेत. कॉम्प्युटर शिकली ती भंगारातली मशीनं उघडून.

दवाखान्यामागच्या खोलीत आमचं जुनं मशीन आहे. वस्तीतल्या डेटाचा प्रत्येक तुकडा, म्हणजे पॅकेट, तिथून जातं आणि मशीनच्या गाभ्यात, म्हणजे कर्नेलमध्ये, वहिनीची गाळणी त्याला तपासते. घरं वाढली तसं मशीन धापा टाकायला लागलं. नर्सबाई मोठ्या डॉक्टरांना व्हिडिओवर पेशंट दाखवायच्या, तर चित्र थिजायचं. वस्तीच्या समितीने ठरवलं: शनिवारच्या तपासणीत चित्र अडलं तर नेट कंपनीला देऊन टाकायचं. समितीचा सेक्रेटरी वहिनीचा सख्खा दीर.

शनिवारी दुपारी सगळे खोलीत दाटीवाटीने उभे. वहिनी स्टुलावर, समोरच्या पडद्यावर दवाखान्यातून डॉक्टरांना लावलेला व्हिडिओ.

"कर्नेल दर पॅकेटला सगळे नियम वाचून अर्थ लावत बसतंय," ती मला म्हणाली. "तेच नियम एकदाच मशीनच्या भाषेत करून ठेवता येतात. जेआयटी म्हणतात त्याला. आपल्याकडे ते शून्यावर आहे, म्हणजे बंद."

तिने शून्याचा एक केला.

पडद्यावर काही हललं नाही. सुताराचा जखमी पाय धरलेल्या नर्सबाई तशाच थिजलेल्या.

"वहिनी, एकाने भागत नसेल तर दोन करा की," दीर म्हणाला.

"भाऊजी, दोन हा चाचणीचा आकडा. नुसता लॉग भरतो, नोंदींवर नोंदी. तुमच्या भाषणासारखा."

मी त्याच्यावर धावूनच जाणार होते. "तुम्ही दोघं जरा गप्प बसा," वहिनी म्हणाली, आणि मग स्वतःशीच हसली. "मीच वेडी. भाषांतर होतं ते गाळणी बसवताना. माझी सकाळीच बसवलेली, आकडा आत्ता बदलला. वार्निश वाळल्यावर वायर बदलायला निघाले."

तिने गाळणी काढून पुन्हा बसवली. पंख्याची घरघर उतरली. पडद्यावर नर्सबाईंचा हात हलला. "आता नीट दिसतंय. पाय जरा वळवा," डॉक्टरांचा आवाज आला.

दीर ठरावाची वही उघडायला लागला.

"थांबा," वहिनी म्हणाली. "लाइट गेली की परत शून्य." तिने सेटिंगच्या फाइलीत एक ओळ लिहिली आणि सगळ्यांदेखत मशीन बंद करून चालू केलं. दिराने खिशातला कंपनीचा फॉर्म चाचपला. मशीन उठलं. आकडा एक होता. सुताराचा पाय पडद्यावर परत आला, बोटं हलवत.

"ठराव कसा लिहू, वहिनी?" दिराने विचारलं.

"नेट आपलंच राहील, एवढं लिहा. बाकीचं मी मशीनमध्ये लिहिलंय."