आईच्या गालातला पांढरा डाग

मी शाळेत शिक्षिका आहे. तंबाखू खाणार नाही, अशी शपथ मुलांकडून दरवर्षी मीच म्हणवून घेते. आणि त्याच संध्याकाळी घरी येताना कोपऱ्यावरच्या दुकानातून आईसाठी मिश्री आणलेली आहे. भाजलेल्या तंबाखूची ती काळी पूड आई लग्नाच्या आधीपासून दातांना लावून गालात धरायची. वडील गेल्यावर ती गंगापूरजवळचं गाव सोडून आमच्याकडं आली, पण मिश्री काही सुटली नाही. म्हातारपणी कशाला टोकायचं, असं मला वाटायचं.

गेल्या हिवाळ्यात ती ताटातला ठेचा बाजूला सारू लागली.

"का गं?"

"झोंबतंय. उष्णता झाली असंल."

मलाही ते पटलं. पुढं भाजीही झोंबायला लागली, तेव्हा एका रविवारी मी तिला खिडकीपाशी बसवलं आणि मोबाइलची बॅटरी लावून म्हणाले, "आ कर बघू." डाव्या गालाच्या आत, ती मिश्री धरायची तिथंच, रुपयाएवढा पांढरा डाग होता. ओल्या फडक्यानं पुसून पाहिला. निघेना.

"दुखतंय?"

"नाय. दुखत नाय म्हणून तर बोलले नाय."

दुसऱ्या दिवशी रजा टाकून तिला दातांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर माझ्या मुलीच्या वयाची. तिनं गाल, जीभ, जिभेखालची जागा, मान, सगळं बोटांनी चाचपलं.

"आजी, मिश्री दिवसातून किती वेळा?"

"दोन डाव."

मी म्हणाले, "चार."

आईनं माझ्याकडं पाहिलं आणि हळूच म्हणाली, "पाच."

डॉक्टरनं त्या जागेचा छोटा तुकडा काढून तपासायला पाठवला. रिपोर्टला आठवडा लागणार होता. रिक्षात आई म्हणाली, "क्यान्सर हाय का?"

"अजून माहीत नाही."

"खोटं बोलू नको बरं."

"नाही बोलत. खरंच माहीत नाही."

घरी आल्या आल्या तिनं मिश्रीची डबी संडासात रिकामी केली. पुढचे दिवस फार वाईट गेले. तिचं डोकं दुखायचं, पोट साफ व्हायचं नाही, मग ती भांडी आपटायची. दिवसभर बडीशेप चघळत गॅलरीत येरझाऱ्या घालायची. एकदा मला राहवलं नाही. म्हणाले, "मीच आणून देत होते ना गं."

"तू नसती दिली तर शेजारणीकडून मागितली असती," ती म्हणाली. "उगं जिवाला लावून घेऊ नको."

आठवड्यानं रिपोर्ट घ्यायला गेलो. डॉक्टरनं कागद वाचला आणि आधी आईकडंच पाहिलं. "आजी, कॅन्सर नाही. पण पेशी बदलायला लागल्यात. असंच चालू राहिलं असतं तर पुढं काय झालं असतं सांगता येत नाही. मिश्री कायमची बंद. आणि दर तीन महिन्यांनी मला तोंड दाखवायचं."

"म्हंजी मी वाचले?"

"वेळेवर आलात."

बाहेरच्या बाकावर बसून मी ढसाढसा रडले. आई शेजारी उभी. "आता कशाला रडती? चल, मला भूक लागली."

त्या दिवशी स्टँडजवळच्या हॉटेलात आम्ही दोघींनी इडली खाल्ली आणि वर दोन-दोन कप चहा घेतला.

गेल्या महिन्यात तिसऱ्यांदा दाखवून आलो. डाग पुसट होत चाललाय. उन्हाळ्यात मी आईला घेऊन गावी गेले होते, तेव्हा आपल्या जावेला ओसरीवर बसवून तिनं तोंड उघडायला लावलं. "दोन आठवडे झाले तरी बरा न होणारा फोड, पांढरा नाय तर लाल डाग, तोंड कमी उघडणं," ती डॉक्टरसारखं सांगत होती, "असलं काय बी दिसलं की दवाखाना. दुखायची वाट बघायची नाय."

जाऊ म्हणाली, "व्हय बाई, पण आधी मला तोंड मिटू दे."

आई हसली, तशी मीही.