हेमंतच्या वहीतलं माझं नाव

सोमवारी सकाळी हेमंतच्या बायकोचा, वृषालीचा, फोन आला तेव्हा मी ऑफिसला उशीर झाला म्हणून उभ्यानेच बुटाच्या नाड्या बांधत होतो. ती म्हणाली, "नितीन, हेमंत स्टेशनवर पडला. ते म्हणताहेत, गेला." ते म्हणजे कोण, हे विचारायचंही मला सुचलं नाही. बॉबलिंगेन या आमच्या जर्मन गावाचं स्टेशन गल्लीपासून चालत बारा मिनिटांवर आहे. मी धावत गेलो. फलाटावर लोक नेहमीसारखे उभे होते, गाडी नेहमीसारखी चार मिनिटं उशिरा होती, आणि शेवटच्या बाकाजवळ अॅम्ब्युलन्सच्या माणसांनी चादरीचा आडोसा धरला होता. सत्तेचाळीस वर्षांचा माणूस... डॉक्टर नंतर म्हणाले की हृदयाची अवस्था पाहता हे कधीही होऊ शकलं असतं. त्या 'कधीही'ला धरून मी जवळजवळ चार आठवडे काढले आहेत.

हेमंत मूळचा सांगलीचा, शिकला पुण्यात, आणि गेली तेरा वर्षं इथल्या एका मोटार कंपनीत चाकं आणि सस्पेन्शन यांचं काम बघत होता. रस्त्याने चालताना त्याची नजर माणसांकडे जायची नाही, उभ्या गाड्यांच्या चाकांकडे जायची. कुणाचा टायर एका बाजूने झिजलाय, कुणाची रिम ठोकर खाऊन वाकलीय, हे तो चालता चालता सांगायचा, आणि गाडीचा मालक तिथेच असला तर त्यालाही सांगायचा. माझी त्याची ओळख अशीच झाली. मी नवा नवा इथे राहायला आलो होतो, एकटाच, आणि गाडीतून सामान उतरवत होतो. एक अनोळखी मराठी माणूस आला आणि नाव विचारायच्या आधी म्हणाला, "पुढच्या डाव्या चाकात हवा कमी आहे." मग त्यानेच सामान वर चढवायला हात लावला आणि जेवायला घरी नेलं.

घरी बिअर करायचं खूळ त्याने पाच वर्षांपूर्वी डोक्यात घेतलं. ज्या देशात कोपऱ्यावरच्या दुकानात पाण्याइतकी सहज उत्तम बिअर मिळते, तिथे ती घरी कशाला करायची, असं मी विचारलं. तो म्हणाला की इथली बिअर चांगली आहे, पण तिला वास नाही. त्याला हवी होती ती पेल एल, भरपूर हॉप्स, म्हणजे बिअरला कडवटपणा आणि वास देणारी फुलं, घातलेली, ग्लास तोंडाजवळ नेल्याबरोबर पपनसाची साल सोलल्यासारखा वास येणारी. आधी त्याने सगळं वाचून काढलं. घरी बिअर करायची तर तेव्हा कस्टम्सला कळवावं लागे. आम्ही हसलो, पण पठ्ठ्याने रीतसर पत्र लिहिलं आणि आलेलं उत्तर फाइलला लावलं. तयार पाकातून करणाऱ्यांना तो नावं ठेवायचा. मोड आणून वाळवलेले सातू, म्हणजे माल्ट, गोणीने आणायचं, हाताच्या चक्कीत भरडायचं, सदुसष्ट अंशांच्या पाण्यात तासभर भिजत ठेवायचं, गाळायचं, मग हॉप्स घालून उकळायचं, थंड करून यीस्ट सोडायचं. सकाळी नऊला सुरू केलेलं काम दुपारी तीनला आटपे. उरलेल्या चोथ्याची वृषाली थालीपिठं लावायची. सुरुवातीला ती या प्रकाराला 'दारूभट्टी' म्हणायची. पण थालीपिठं फार खमंग होत, आणि मग तिचा विरोध हळूहळू मावळला.

त्याची एक वही होती. चौकोनी रेघांची, निळ्या पुठ्ठ्याची. प्रत्येक खेपेला एक पान. शुक्रवारी तो पेन्सिलीने सगळा बेत लिहून ठेवायचा: धान्य किती, पाणी किती, किती वाजता काय, आणि वर उजव्या कोपऱ्यात 'हजर' असा रकाना. रविवारी संध्याकाळी तो पेन घेऊन बसे आणि जे खरोखर घडलं तेवढंच शाईने लिही. ठरवलेलं तापमान चुकलं असेल तर पेन्सिलीचा आकडा खोडून शाईने खरा आकडा. एकदा मी म्हटलं, अरे, दोन अंशांनी काय होतंय, लिही सदुसष्ट. त्यावर त्याने मला असं ऐकवलं की मी कानाला खडा लावला. न घडलेली गोष्ट शाईत लिहिणं त्याच्या लेखी पाप होतं.

'हजर'मध्ये नेहमी दोन नावं असत. हेमंत, नितीन. खरं म्हणजे मला या कामातलं फार काही कळत नसे. माझं काम तीन वाजताचं. त्याचं स्वयंपाकघर दुसऱ्या मजल्यावर, इमारतीला लिफ्ट नाही, आणि बिअर आंबवायची ती खाली केलरमध्ये, कारण तळघरातली हवा वर्षभर सारखी थंड असते. वीस-बावीस लिटरचं भरलेलं पिंप तीन जिने खाली न्यायचं, तेही न हिंदकळता. एक कडी त्याच्या हातात, एक माझ्या. प्रत्येक जिन्याच्या वळणावर तो "थांब" म्हणायचा, दोन श्वास घ्यायचा आणि मग "चल". पाच वर्षांत आमचं बोलणं पुष्कळ झालं असेल, पण आठवतात ते हेच दोन शब्द.

त्या शनिवारी मी गेलो नाही. सकाळी नऊला त्याला मेसेज केला की गाडीचे हिवाळी टायर काढून उन्हाळी लावायला गॅरेजमधला टर्मिन मिळालाय, हा सोडला तर महिनाभर दुसरी वेळ मिळणार नाही. त्याने उत्तर पाठवलं, "गेनाऊ, बरोबर आहे. टर्मिन सोडू नकोस." टर्मिन बिर्मिन काही नव्हता. भारतात मॅच होती, बाहेर छान ऊन पडलं होतं, आणि मला सोफ्यावरून उठायचा कंटाळा आला होता. एवढंच. भांडण नाही, रुसवा नाही. मोठं कारण असतं तर ते निदान सांगता तरी आलं असतं.

वृषाली आणि त्यांची मुलगी इरा त्या दिवशी कोलोनला वृषालीच्या बहिणीकडे गेल्या होत्या, म्हणजे घरात तो एकटाच. रविवारी संध्याकाळी तो दोघींना आणायला स्टेशनवर गेला. सोमवारी सकाळी त्याच रस्त्याने पुन्हा गेला. स्टेशनला जायचा तो रस्ता माझ्या दारावरून जातो, आणि दारात माझी गाडी उभी असते. माझ्या उन्हाळी टायरना चंदेरी रिम आहेत, हिवाळ्याच्या टायरना काळ्या लोखंडी. शेंबडं पोरही ओळखेल. आणि तो तर हेमंत होता.

सोमवारी संध्याकाळी कागदपत्रांचं बघून मी त्यांच्या घरी परतलो, तर इरा कुठे दिसेना. चौदा वर्षांची मुलगी. शोधत खाली गेलो तर ती केलरमध्ये पिंपासमोर उकिडवी बसलेली. पिंपाच्या झाकणावर पाणी भरलेली एक वाकडी नळी असते, आतला वायू तिच्यातून बुडबुडा होऊन बाहेर पडतो. बुडुक... बुडुक... सेकंदाला एक. शनिवारी त्याने सोडलेलं यीस्ट भरात आलं होतं. इराला मराठी सगळं कळतं, बोलते जर्मनमध्ये. माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "एस लेब्ट नोख." जिवंत आहे अजून. मी तिच्याशेजारी बसलो. त्या आवाजातून मी अजून सुटलेलो नाही. माझ्या घरात नळ नीट बंद केलेला असतो, तरी तो ऐकू येतो.

दुसऱ्या दिवशी वृषालीने ती निळी वही माझ्यापुढे ठेवली. शेवटचं पान, सव्विसावं. सगळं शाईत होतं. कोपऱ्यात 'हजर: हेमंत, नितीन'. तेही शाईत, पेन्सिलीवरून नीट गिरवलेलं. वृषाली म्हणाली, "शेवटचा शनिवार त्याने तुझ्याबरोबर घालवला, हे एक बरं झालं. मी नव्हते, पण तू होतास." मग तिने सांगितलं की रविवारी रात्री त्याचा खांदा दुखत होता, पिंप उचलल्याने असेल म्हणाला. तिने विचारलं, दोघं असून? तर नुसता हसला. तिने बाम चोळून दिला. हे सगळं मी मान खाली घालून ऐकलं आणि मूग गिळून गप्प बसलो. बोलायची तीच वेळ होती. ती गेली, आणि त्यानंतरचा प्रत्येक दिवस तिच्यावर एक थर चढवत गेला.

इथे माणूस गेला तरी टर्मिन लागतो. अग्निसंस्काराची तारीख नऊ दिवसांनंतरची मिळाली. तोपर्यंत तो कुठल्याशा थंड खोलीत होता आणि त्याची बिअर थंड केलरमध्ये. वहीत पुढची सूचना होती: गुरुवारी उरलेले हॉप्स टाकणे. फ्रीजरमध्ये त्याच्या अक्षरातली पुडी होती. वृषाली म्हणाली, तुला माहीत आहे कसं करायचं, तू कर. मी झाकण उघडून हॉप्स टाकले आणि पपनसाचा तो वास अंगावर आला. हात तीनदा धुतले तरी वास गेला नाही. कुणीही म्हणालं असतं की हा माझ्या मनाचा खेळ आहे. असेल.

अग्निसंस्काराच्या दिवशी त्याच्या इमारतीतल्या पहिल्या मजल्यावरच्या आजीबाई माझ्याजवळ आल्या. सांत्वनाचं बोलून झाल्यावर म्हणाल्या की शनिवारी दुपारी श्रीयुत हेमंत त्यांच्या दाराबाहेर पायरीवर बसलेले दिसले, शेजारी ते पिंप. बराच वेळ बसले होते. त्यांनी विचारलं, बरं वाटत नाही का? तर तो म्हणाला, मित्राची वाट बघतोय... आजीबाईंना माझं नाव माहीत नव्हतं. मी त्यांचे आभार मानले.

बाटल्या भरायचा दिवस तिसऱ्या शनिवारी आला. हे कामही दोघांचं, एकाने नळी धरायची, दुसऱ्याने बाटली. खाली केलरमध्ये आम्ही तिघं होतो. इरा धुतलेल्या बाटल्या हातात देत होती. चौथी की पाचवी बाटली भरताना मी बोललो. मी आलो नव्हतो. टायरचं खोटं होतं. मॅच बघत होतो. त्याने ते पिंप एकट्याने उतरवलं. वृषालीच्या हातातली बाटली भरून वाहायला लागली, तेव्हा तिने नळीला चिमटा लावला. मग म्हणाली, "पण त्याने शाईत लिहिलंय."

मी म्हटलं, तेच मला कळत नाही. त्याला माझं खोटं समजलंच नसेल, मी नंतर खाली येऊन गेलो असं काहीतरी त्याला वाटलं असेल...

"पापा हाट एस गेझेन," इरा म्हणाली. पापाने पाहिलं होतं. तिने जर्मनमध्ये सांगितलं ते असं: रविवारी स्टेशनवरून येताना आई बॅग घेऊन पुढे गेली होती. पापा काकाच्या, म्हणजे माझ्या, गाडीपाशी थांबला. बुटाच्या टोकाने चाकाला हलकेच ठोकलं, आणि हसला. इराने विचारलं काय झालं, तर म्हणाला, काही नाही, काकाला उद्या सांगू.

म्हणजे माझं खोटं पाहून तो घरी गेला, पेन घेऊन बसला, आणि दोन अंशांसाठी मला झापणाऱ्या त्या माणसाने माझं नाव शाईने गिरवलं. का, हे मी रोज नव्याने ठरवतो. चेष्टा करायची असेल. सोमवारी संध्याकाळी वही माझ्या नाकासमोर धरून सही मागणार असेल, त्याला असल्या गोष्टी फार आवडत. किंवा वृषाली मला बोलेल म्हणून झाकलं असेल. किंवा पायरीवर बसून ज्याची वाट बघितली, तो त्याच्या हिशेबी हजरच होता. तो 'उद्या' आला असता तर कळलं असतं. आता ते नाव मला खोडताही येत नाही आणि वाचवतही नाही.

वृषालीने मला माफ केलं का, मी विचारलेलं नाही, तिने सांगितलेलं नाही. उरलेल्या बाटल्या आम्ही भरल्या, झाकणं दाबली, फरशी पुसली. वर गेल्यावर तिने चहा टाकला नाही. वही उघडून नवं पान घेतलं, सत्ताविसावं. केलरमध्ये माल्टची अर्धी गोणी शिल्लक आहे, म्हणाली, पुढच्या शनिवारी ती संपवू. त्याच्या जुन्या पानावरून बघून तिने धान्य, पाणी, वेळा उतरवल्या. कोपऱ्यात लिहिलं, 'हजर: वृषाली, इरा', आणि थोडं थांबून, 'नितीन'. सगळं पेन्सिलीने. मी पेनकडे बघतोय हे तिच्या लक्षात आलं.

"शाईचं रविवारी बघू," ती म्हणाली.

तो शनिवार उद्या आहे. गाडीला अजून काळ्या रिमचेच टायर आहेत, ते बदलायला हात धजावत नाही. पिंप भरेल तीन वाजता, पण मी नऊलाच जाणार आहे. तीन जिने आहेत, आणि वळणावर "थांब" म्हणायला कुणीतरी लागेल.