थाळी वाजवून धाडलेली गुरं

बान थेगोनच्या बापाकडे एके काळी झुंजीचा बैल होता. छोंगदोच्या खोऱ्यात ही गोष्ट शेंबड्या पोरालाही ठाऊक होती, कारण थेगोन ती कुणाला विसरू देत नसे. बैलाचं नाव बोन्गे, म्हणजे वीज. नदीकाठच्या गोट्याळ मैदानात त्यानं लागोपाठ तीन वर्षं झुंज मारली आणि चौथ्या वर्षी शेपूट घालून पळून आला. हे चौथं वर्ष थेगोन कधी सांगत नसे. बैल गेला, मग बाप गेला, आणि मुलाच्या वाट्याला एक पितळी थाळी आली. झुंजीला निघालेल्या बैलापुढे ती बडवायची, म्हणजे त्याचं रक्त तापतं, अशी तिकडची रीत.

घोडं पेंड खात होतं ते इथेच, की थेगोन झुंजीचे बैल पाळत नव्हता. त्याच्या गोठ्यात मांसासाठी वाढवलेली बेचाळीस गुरं होती, सगळी खच्ची केलेली. त्यांनी कुणाशी टक्कर घ्यायचीच नव्हती. अडीच वर्षं खायचं, रवंथ करायचं, अंग भरायचं आणि मुकाट गाडीत चढायचं, एवढंच त्यांचं काम. पण ज्याच्या डोक्यात बापाचा बैल शिरून बसलाय, त्याला हे कोण सांगणार? गाढवापुढे वाचली गीता, कालचा गोंधळ बरा होता.

सांगून पाहिलं ते त्याच्या बायकोनं. तिचं नाव बुन्नाम, पण मुलीच्या नावावरून सगळे तिला ह्येरानची आईच म्हणत. अठ्ठावीस वर्षं शेण तिनं काढलं, पेंढा तिनं घातला, आजारी वासरांजवळ घोंगडी पांघरून तीच बसली. थेगोननं काय केलं? तो गोठ्याच्या दारात कमरेवर हात ठेवून उभा राहिला आणि "जनावरात कस पाहिजे कस!" असं म्हणाला. हे तो इतक्यांदा म्हणाला होता की आता गुरांनाही ते पाठ झालं असावं.

वासरांच्या बाजारात त्याचा हा कस बघण्यासारखा असे. लोखंडी दांड्याला शे-दीडशे वासरं ओळीनं बांधलेली. त्यांतलं जे दाव्याला हिसडे देई, लाथा झाडी, डोळ्यांचं पांढरं दाखवी, नेमकं तेच थेगोनला पसंत पडे. शांत उभ्या वासरापुढून तो नाक मुरडून जाई.

"हे काय वासरू आहे? उशी आहे उशी! डोक्याखाली घ्यायची का मी?"

आणि सगळ्यांहून चढी बोली लावून तो एखादा पिसाळलेला गोऱ्हा घरी घेऊन येई. ते कसदार गोऱ्हे मग भिंतीला धडका देत, एकमेकांना गव्हाणीवरून हुसकावत, रात्रंदिवस येरझाऱ्या घालून खाल्लेलं जिरवत. शेजाऱ्याची गुरं त्याच दाण्यावर साठ-सत्तर किलोंनी जास्त भरत. एका कसदारानं तर बुन्नामचा डावा हात गव्हाणीच्या दांड्यावर दाबून मोडला.

"तू घाबरलीस ना, ते ओळखलं त्यानं," थेगोन म्हणाला होता.

त्या संध्याकाळी हात प्लास्टरमध्ये असताना तिनं त्याला भात वाढला होता. सात वर्षं झाली, पण आपण तो का वाढला, याचा तिला अजून राग येई.

एक गोष्ट मात्र तिला कधी उमगली नाही. बाजारात थयथयाट करणारी वासरं घरी आणली की त्यांतली निम्मी आठवड्याभरात गरीब होत. ती खरारा घेऊन आली की मान लांब करून उभी राहत, पाठीमागे फिरत. "लाडावून वाट लावलीस तू त्यांची," असं थेगोन म्हणे. उरलेली निम्मी मात्र शेवटपर्यंत वेडी ती वेडीच राहत.

मांसाची पारख कत्तलीच्या दुसऱ्या दिवशी होते, बरगडीपाशी काप घेऊन. भेदरून, तापून मेलेल्या जनावराच्या मांसात तिथे रक्ताचे लाल ठिपके दिसतात. खाणाऱ्याला त्यानं काही होत नाही, पण घेणारा तोंड वाकडं करतो आणि भाव कोसळतो. त्या भागातल्या गोठ्यांचा एक संघ होता आणि संघाच्या नावावर गुरं जात म्हणूनच चार पैसे सुटत. संघाचा नियम सरळ होता. लागोपाठ तीन खेपांत ठिपके निघाले, तर तो गोठा संघाबाहेर. थेगोनच्या दोन खेपांत निघाले होते. तिसऱ्यांदा निघाले असते तर गोठा विकण्यावाचून गत्यंतर नव्हतं. मग अठ्ठावीस वर्षांच्या राबणुकीचं बुन्नामपाशी काय उरलं असतं? एक वाकडा हात आणि एक नवरा.

थेगोनच्या मते दोष गाडीवाल्याचा होता. गाडीवाला सोक हा तोंडाचा फटकळ माणूस.

"दादा, गाडी मी अंड्यांच्या टोपलीसारखी नेतो," तो म्हणाला. "तुम्ही गाडीच्या फळीपाशी उभं राहून जे ढणाढणा वाजवता ना, ते आधी बंद करा. अहो, माझीच छाती धडधडते, त्या मुक्या जिवांचं काय होत असेल?"

कारण थेगोन प्रत्येक खेपेला तेच करत आला होता. गुरं गाडीत चढायला लागली की बापाची थाळी काढायची, बैलापुढे बडवावी तशी त्यांच्यापुढे बडवायची आणि वर आरोळ्या ठोकायच्या. मरायला निघालेल्यांना हा शहाणा झुंजीला धाडत होता. गावात कुणी हसलं की म्हणे, "बापजाद्यांची रीत आहे, तुम्हाला काय कळणार!"

तिसऱ्या खेपेच्या चार दिवस आधी त्यानं फर्मान सोडलं, "कोपऱ्यातले ते सहा काढ. आता आवरत नाहीत."

"बरं," असं बुन्नाम म्हणाली आणि तिनं दुसरेच सहा काढले, तिनं 'वाट लावलेले', लहानपणापासून एकाच कप्प्यात वाढलेले. थेगोनला पत्ता लागला नाही. कानातला पिवळा बिल्ला वाचल्याशिवाय त्याला आपलं एक जनावर ओळखता येत नसे, आणि बिल्ला वाचायला जवळ जावं लागतं. त्या सहांना ती रोज सकाळी कोंड्याची बादली दाखवत गाडी लागते त्या उतरणीवरून वर-खाली फिरवून आणू लागली.

खेपेच्या सकाळी सोकची गाडी अंगणात लागली आणि घरातून आरोळी आली.

"ह्येरानची आई! थाळी कुठाय?"

"खुंटीला नाही का?"

"खुंटीला असती तर तुला विचारलं असतं का मी?"

"मग कपाटावर बघा. नाहीतर पर्सिमॉन फळांच्या पेट्यांमागे. गेल्या खेपेला तुम्हीच ठेवली होती."

आत धाडधाड पेट्या सरकवल्याचा आवाज सुरू झाला. सोकच्या हातात अडलेल्या गुराला झटका देऊन हाकायची काठी होती. बुन्नामनं त्याच्याकडे हात पसरला.

"ती विजेची काठी द्या इकडे."

"वहिनी, एखादं अडलं तर?"

"अडलं तर मी आहे ना. द्या."

काठी बगलेत मारून, बादली हातात घेऊन ती पुढे निघाली. पहिला बैल थांबला, त्यानं फळी हुंगली. तीही थांबली. ओढलं नाही, ओरडली नाही. त्यानं पाऊल टाकलं तशी मागचे पाच वरातीतल्या पाहुण्यांसारखे एकामागोमाग एक चढले. सोकनं आवाज न करता फळी उचलली. बाजूनं खाली उतरून तिनं वाकड्या हातानं गजांमधून एकेकाची कानशिलं खाजवली. तिला भरून आलं होतं, पण डोळे पुसायला हात मोकळा नव्हता, आणि रडलं की जनावर बिथरतं हे तिला माहीत होतं. म्हणून ती रडली नाही.

गाडी वळणापलीकडे गेल्यावर थेगोन जाळ्याजळमटांनी माखून बाहेर आला.

"अगं, गाडी?"

"गेली."

"थाळीशिवाय?" त्याचा चेहरा असा झाला, की जणू नवरी मंगळसूत्राविना सासरी धाडली. "आता निघणारच ठिपके! लिहून ठेव!"

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन आला. सहाच्या सहा निखळ, एकातही ठिपका नाही, आणि पाच जणांना वरची प्रत. बुन्नाम गव्हाणीच्या कडेवर मटकन बसली. थेगोन मात्र बसला नाही. तो उठून चौकात गेला आणि दिसेल त्याला सांगू लागला, "वासरू निवडायला नजर लागते! कस ओळखावा लागतो!" ज्याला काल ठिपक्यांची खात्री होती, तोच आज श्रेय लाटायला हजर. म्हणतात ना, आयत्या बिळावर नागोबा.

आठवड्यानं संघाचे अध्यक्ष ग्वाक वही घेऊन घरी आले. दोन खेपा वाईट आणि तिसरी अशी चोख, हे कसं साधलं ते त्यांना इतर गोठ्यांना सांगायचं होतं. थेगोन मांडी ठोकून बसला.

"लिहा. गुरं चढवताना पितळी थाळी वाजवायची. बापजाद्यांची रीत. रक्त कसं खेळतं राहतं."

"याही खेपेला वाजवलीत?"

"म्हणजे काय! या खेपेला तर अंमळ जास्तच."

ग्वाक ते खरंच लिहून घेऊ लागले. बुन्नाम आत भातासाठी तांदूळ काढत होती. इतकी वर्षं भाकड बढाया ऐकून घेतल्या होत्या, पण आता हे वहीत चढून खोऱ्यातल्या सगळ्या गोठ्यांत थाळ्या वाजणार, हे मात्र तिला सोसवेना. ती बाहेर आली आणि तांदळाच्या पिठानं पांढरी झालेली थाळी तिनं दोघांच्या मधे ठेवली.

"गुरं गेली त्याच्या आदल्या दिवसापासून ही तांदळाच्या पिंपात आहे, अध्यक्ष. घरात तीच एक जागा अशी, जिथे यांचा हात कधी गेलेला नाही."

ग्वाकनी थाळीकडे पाहिलं, थेगोनकडे पाहिलं आणि वहीतली ओळ खोडली.

"मग वहिनी, तुम्ही सांगा. काय लिहू?"

"लिहा, ओरडू नका. मारू नका. सोबत्यांपासून तोडू नका. आणि गाडी येईल तेव्हा घरधन्याला काहीतरी शोधायला लावा."

ग्वाकनी शेवटचंही लिहिलं. जाताना म्हणाले, "यापुढे वासरंही तुम्हीच निवडा." बाजाराच्या दिवशी थेगोनही बरोबर निघाला. बाईमाणसाला फसवतात म्हणे.

बाजारात तो सुरुवातीलाच गरम रश्श्याच्या गाड्यावर थांबला आणि बुन्नाम ओळीतून पुढे गेली. दांड्याच्या टोकाला मेंग नावाचा म्हातारा आपल्या वासराशेजारी उभा होता. वासरू अर्धवट डोळे मिटून उभं होतं. मेंगला लांबून थेगोनची टोपी दिसली. त्याचा हात आपसूक कोटाच्या खिशात गेला, पोती शिवायचं दाभण बाहेर आलं आणि वासराच्या ढुंगणात टोचलं. वासरानं हवेत उडी घेऊन दाव्याला हिसडा दिला आणि डोळ्यांचं पांढरं दाखवलं.

बुन्नाम जागच्या जागी उभी राहिली. निम्मी वासरं घरी येताच गरीब का होत, ते तिला एका क्षणात कळलं.

"मेंगकाका, आज राहू द्या," ती म्हणाली. "आज वासरू मी घेणार आहे."

मेंग कानापर्यंत लाल झाला. "सवय हो, पोरी. बानसाहेबांना कस लागतो ना... आणि बोली चांगली लावतात."

"किती वर्षं?" हा आवाज मागून आला. थेगोन रश्श्याचा वाडगा हातात घेऊन उभा होता.

"अकरा झाली असतील," मेंग पुटपुटला. "पण मी एकटाच नव्हे हं."

ओळीतल्या सगळ्या विकणाऱ्यांना एकदम आपापल्या बुटांत काहीतरी बघण्यासारखं सापडलं.

बुन्नामनं वासराच्या टोचलेल्या जागेवर तळवा धरला आणि ते निवेपर्यंत थांबली. मग बोली लागली. वर चढवायला थेगोन पुढे आला नाही, त्यामुळे वासरू रास्त भावात मिळालं. परतीच्या वाटेवर दोन पूल मागे पडले. तिसऱ्या पुलावर थेगोननं घसा खाकरला.

"म्हणजे मी आणलेली ती सगळी कसदार वासरं..."

"सगळी कशी?" बुन्नाम म्हणाली. "निम्मीच. उरलेली खरोखरच वेडी होती. त्यांना दाभण लागलं नाही, ती निवडायला तुम्ही एकटे पुरलात."

मागे हौद्यात वासरू पाय मुडपून उशीसारखं बसलं होतं आणि रवंथ करत होतं.