चंद्रकळेची घडी

पुराचं पाणी गल्लीत शिरलं त्या दुपारी मी जिन्यावरून ओरडले, "आधी कपाट रिकामं करा!" ह्यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्याने, निमूटपणे माझ्या साड्यांची गाठोडी सांगलीच्या आमच्या घराच्या वरच्या मजल्यावर नेली. शेवटचं गाठोडं वर येईस्तोवर पाणी उंबऱ्याच्या आत आलं होतं आणि ह्यांची पत्र्याची पेटी कॉटखालीच राहिली. हे फौजेत असताना सासूबाईंनी शेजाऱ्यांकडून लिहवून घेतलेली पत्रं त्या पेटीत होती. पाणी ओसरल्यावर आत नुसता लगदा निघाला. हे एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर मी भांडून मोकळी झाले असते, भांडायला मी कुणाला हार जात नाही. ते गप्प राहिले म्हणून मीच म्हणाले, "दोन वर्षं मी स्वतःसाठी साडी घेणार नाही. घेतली तर विचारा मला."

सव्वा वर्ष शब्द पाळला, तोही चिडचिड करत. शाळेतल्या बाकीच्या शिक्षिका दिवाळीच्या खरेदीला निघाल्या की मला नेमक्या वह्या तपासायच्या असायच्या. पण एक साडी मला मी स्वतः शाळेत शिकत होते तेव्हापासून हवी होती. काळी इरकली चंद्रकळा, लाल रेशमी काठाची, हातमागावरची, पदराचे धागे अंगाच्या धाग्यांत एकेक गुंतवून जोडलेली. यंत्रमागावरच्या नकला पैशाला पासरी मिळतात, खरी मिळत नाही. एका दुकानदाराला मी वर्षानुवर्षं सांगून ठेवलं होतं. एके दिवशी त्याचा फोन आला, "बाई, आली बघा. एकच हाय." मी म्हटलं, नुसती बघून येते. असं म्हणणारी बाई स्वतःलाच बनवत असते, हे मला दुकानात चपला काढतानाच कळत होतं.

साडी घेतली आणि घरातल्या गव्हाच्या रिकाम्या पिंपात दडवली. पुढचे आठ दिवस हे स्वयंपाकघरात आले की माझ्या हातून भांडं पडायचं. एकदा त्यांनी पिंपाला टेकून चहा घेतला, तर मी त्यांना तसंच कोथिंबीर आणायला पिटाळलं. अन्न गोड लागेना. पण साडी परत करावी असं मात्र एकदाही मनात आलं नाही, हे मी प्रामाणिकपणे सांगते.

मग युक्ती सुचली. आमच्याकडे नवी साडी आपण आधी नेसत नाही. मायेच्या बाईला एकदा नेसायला देतो, तिने घडी मोडली की मग आपण नेसायची. माझ्या नणंदेच्या मुलीचा साखरपुडा पंधरा दिवसांवर होता, साताऱ्याला. घडी मोडायला वन्संना द्यायची. ह्यांना ती बहिणीचीच साडी वाटेल. पुढे सहा महिन्यांनी मी ती नेसले की सांगायचं, वन्संनी दिली. वन्सं अबोल, नसते प्रश्न विचारणाऱ्या नव्हेत, म्हणूनच मी त्यांना निवडलं. घडी मोडायचा मान सवाष्णीला किंवा लेकीबाळीला देतात, आणि वन्संचे यजमान जाऊन बारा वर्षं झाली होती. हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

सांगलीच्या स्टँडवर ह्यांनी पिशवी उचलली. "लय जड हाय. काय भरलंयस?"

"आहेर," मी म्हणाले, आणि साताऱ्यापर्यंत पिशवी मांडीवरून खाली ठेवली नाही.

वन्सं मागच्या खोलीत होत्या. स्वतःसाठी त्यांनी एक फिकी बिस्किटी साडी काढून ठेवली होती. मी दार लोटलं आणि चंद्रकळा पुढे केली. "वन्सं, एवढी घडी मोडून द्या."

त्यांनी हात मागे घेतले. "मी?"

"तुम्हीच."

"वैनी, अगं मला कोन देतं घडी मोडाया? बारा वर्सांत कुनी इचारलं न्हाई गं." आणि त्या रडायलाच लागल्या. बाहेर ह्यांचा आवाज आला. मला त्या क्षणी लाज वाटायला हवी होती, वाटली ती भीती. "नेसा लवकर, पाहुणे येतील," मी म्हणाले. त्यांनी माझे दोन्ही हात धरून कपाळाला लावले. मला ते सोडवून घ्यावेसे वाटत होते.

त्या बाहेर आल्या तेव्हा बायकांची कुजबुज थांबली. भिंतीकडेला उभं राहायला निघालेल्या आईला लेकीने ओढून आपल्याशेजारी बसवलं. मी समोरच होते. कुणी कॉफीचा कप घेऊन त्यांच्या अंगावरून गेलं की मी जागेवरून अर्धी उठायचे. तेवढ्यात त्यांच्या जावेने पदर चिमटीत धरून विचारलं, "ही कुनी घेतली?"

कधी चारचौघांत तोंड न उघडणाऱ्या वन्सं सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "माझ्या वैनीची हाय. घडी मोडाया मला दिलीया तिनं."

हे पेढ्यांचं ताट घेऊन उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी सतरंजीकडे पाहत राहिले.

पाहुणे गेल्यावर वन्संनी साडी नीट घडी घालून आणली. मला राहवलं नाही. "वन्सं, तुम्हीच ठेवा."

"छ्या! ठिवली तर घडी मोडली असं कसं म्हनायचं? मग ते दान झालं." त्यांनी साडी माझ्या पिशवीत घातली आणि वरून थोपटली.

आम्ही परतीच्या एसटीत बसलो. उंब्रजपर्यंत मी मनात भांडणाची तयारी करत होते. मग ते म्हणाले, "साडी घेतलीस, कळलं मला. पन अक्काला मान दिलास. आमच्या घरात कुनालाच सुचलं न्हाई इतकी वर्सं, मलाबी न्हाई." त्यांनी तळव्याने डोळे पुसले. "साडीचं सोडून दे."

मला हवं होतं ते सगळं मिळालं होतं. साडी माझी, माफीही माझी. नुसतं गप्प बसायचं होतं, आणि तेवढंच जमेना. ज्या माणसाची पत्रं माझ्यापायी गेली, तो माझं कौतुक करत होता आणि मला ते सहन होत नव्हतं. मी सगळं सांगितलं. गव्हाचं पिंप, ती साडी वन्संची म्हणून खपवायचा बेत, त्या अबोल म्हणून केलेली त्यांची निवड, सगळं.

हे खिडकीबाहेर पाहत राहिले. कराडचा स्टँड आला, माणसं उतरली, चढली, गाडी परत हायवेला लागली. मला वाटलं, आता हा माणूस माझ्याशी कधी बोलायचा नाही.

"अहो, काहीतरी बोला," मी म्हणाले.

ते माझ्याकडे वळले. "एकच करायचं," ते म्हणाले. "अक्काला हे कवाच सांगायचं न्हाई."