नेपाळातली वेचणी

हसू नका म्हटलं तरी तुम्ही हसणारच, म्हणून आधीच मोकळेपणानं हसून घ्या, मग सांगते. मी, तीर्थपुरीची बाई, परदेशात जाऊन बसभर माणसं गुहेत हरवून आले!

बहात्तरचा दुष्काळ सरला, पुढं कापूस बरा पिकला, आणि आमच्या ह्यांनी गावकऱ्यांच्या बसमधून मला नेपाळ दाखवायला नेलं. देवदर्शन झालं. मग कुणीतरी टूम काढली, इथं मोठी गुहा आहे, वाटाड्याही मिळतो. निघाली वरात!

गुहेच्या तोंडाशी वाटाड्या हिंदीत काहीतरी समजावत होता. पण ऐकतंय कोण? चपला बाहेर काढायच्या की पायात ठेवायच्या, यावरून मी ह्यांच्याशी भांडत होते!

आत किर्र अंधार, पायाखाली निसरडं, आणि फाटेच फाटे. वाटाड्या कंदील घेऊन पुढं, मी बॅटरी घेऊन सगळ्यांच्या मागं. आणि काय बघते? प्रत्येक फाट्यावर दगडाला कापसाचा बोळा!

आता तुम्हीच सांगा, कापूस वाया जाताना दिसला तर आमच्याकडची बाई तशीच पुढं जाईल? वेचणीच्या दिवसांत आमची बोटं झोपेतसुद्धा चालतात. उचलला, पदराची ओटी केली, टाकला. पुढचाही टाकला. मनात म्हटलं, किती उधळा देश हा!

परत फिरलो. फाट्याशी वाटाड्या थबकला. कंदील इकडं, कंदील तिकडं.

"रुई कहाँ गई? रास्ते की निशानी लगाई थी मैंने!"

"तुला वाट ठाव न्हाई का, बाबा?" हे ओरडले.

"रास्ता बड़े भाई को मालूम है. वो बारात में गया है!"

झालं! अंदाजानं भटकत पुन्हा पुन्हा त्याच दगडाशी यायला लागलो. लोक देवाचा धावा करू लागले. हे कडाडले, "कोन्या येड्यानं काढला त्यो कापूस? सापडू तर द्या, बघतोच!"

मीही लगेच सूर मिसळला, "व्हय ना! लोकाला बिलकुल अक्कल न्हाई!"

बोलले खरी, पण आजोळी ठेवलेली माझी तान्ही लेक आठवली. माझ्याच करणीनं ती आईविना वाढणार! मला रडूच फुटलं. आणि घाबरले की माझे हात देवापुढच्या वाती वळायला लागतात. तेव्हाही लागले, मला पत्ता नाही!

धीर द्यायला ह्यांनी कंदील माझ्याकडं आणला.

"रडून नको राहू. मी हाय ना... अगं, ह्या वाती कशाच्या करून राह्यलीस?"

"कापसाच्या," मी म्हटलं. दुसरं काय सांगणार?

मग जो काही गलका उठला! त्या गलक्यानंच वाचलो म्हणा. बाहेरच्या चहावाल्यानं तो ऐकून हाक दिली, आणि त्या आवाजाच्या रोखानं धडपडत सगळे उजेडात आलो.

बस तीर्थपुरीत शिरली आणि सांजेपर्यंत गावभर झालं. पुढं हंगामात वेचणीला शेतात गेले, तर बाया बांधावरच उभ्या.

"चला की जल्दी! उन्हं चढून राह्यली," मी म्हटलं.

त्यांच्यातली सगळ्यांत म्हातारी पदर तोंडाला लावून म्हणाली, "आक्का, थोडा कापूस झाडाला राहू द्या. आम्हाला सांजच्याला घरी जायचंय!"